जन्मलेलं बाळ रडलं नाही तर? ‘गार करण्याचा’ उपचार समजून घेऊ



“बाळ रडलंच नाही, शहरात नेलं, तर तिथं म्हणे त्याला गार करून ठेवलं!” असं कानावर आलं की धक्काच बसतो. बाळाला ऊब द्यायची, हेच तर आपण शिकलो. मग हे उलटं कसं?

बाळंतपण अडलं, नाळ दाबली गेली किंवा वार आधीच सुटली, तर बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. पण सगळी इजा त्याच क्षणी होत नाही. श्वास सुरू झाल्यावरही काही तासांनी इजेचा दुसरा टप्पा सुरू होतो. अंग गार ठेवलं की मेंदूचं काम मंदावतं, त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि पुढचं नुकसान थोपवता येतं.

हा उपचार दिवस भरलेल्या बाळांसाठी आहे. जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करून अंगाचं तापमान ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवतात. मग तासाला साधारण अर्धा अंश असं हळूहळू वाढवतात. श्वास, हृदय, रक्त यांवर सतत लक्ष लागतं.

श्रीमंत देशांत याचा फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांचा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२१ साली आला. गार केलेल्या १०० बाळांमागे ४२ दगावली, न केलेल्यांत ३१. म्हणून डॉक्टर बाळ पाहूनच ठरवतात. गार केलं नाही म्हणजे हयगय झाली, असं समजू नका.

घरी मात्र बाळाला कधीही गार करू नका. गार पाणी शिंपडणं, उलटं धरणं, चापट्या मारणं, हे सगळं घातक आहे. बाळ कोरडं करा, पाठ चोळा, आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा, वरून पांघरूण घाला. पहिल्या मिनिटात श्वास सुरू झाला नाही तर पिशवी-मास्कनं श्वास द्यावा लागतो. ते शिकलेली नर्स जवळ हवी, म्हणूनच बाळंतपण दवाखान्यातच.

ही लक्षणं दिसली तर लगेच १०८ ला फोन करा :
- बाळ दूध ओढत नाही
- अंग ढिलं पडलंय, सारखं गुंगीत आहे
- झटके येतात
- श्वास अडखळतो

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. घरी आल्यावरही तपासण्या चुकवू नका. मान धरायला, बसायला उशीर होत असेल तर आशाताईंना सांगा. व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

येत्या बैठकीत एवढं करा : गटात कुणाच्या घरी सातवा महिना लागलाय त्यांची नावं लिहा. कुठल्या दवाखान्यात जायचं, रात्री गाडी कुणाची, सोबत कोण, हे ठरवा. अडीनडीला गटाच्या बचतीतून तातडीचं कर्ज द्यायचा ठराव आधीच करून ठेवा. ऐनवेळी सह्यांसाठी धावपळ नको.