'क्लार्क'चे कूळ

'कारकुनी' हे विशेषण आपल्याकडे सहसा कौतुकाने वापरले जात नाही. चाकोरीबद्ध, कल्पनाशून्य कामाची संभावना करावयाची असली की ते हमखास आठवते. आणि इंग्रजी शिक्षणाने केवळ कारकून निपजले, हे वाक्य तर व्याख्यानांतून ठरलेलेच. ज्या 'क्लार्क'ला आपण कारकून म्हणतो, त्या शब्दाचे कूळ मात्र पाहण्यासारखे आहे.

मूळ ग्रीक 'क्लेरॉस' म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नाही, ईश्वर हाच त्याचा वाटा, या बायबलातील कल्पनेवरून तो ख्रिस्ती धर्मोपदेशकांना लागू झाला आणि लॅटिनमध्ये 'क्लेरिकस' बनला. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारे बहुधा धर्मसंस्थेतलेच; तेव्हा 'क्लार्क' म्हणजे विद्वान, असा अर्थ रूढ झाला. चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेला ऑक्सफर्डचा क्लार्क हा विरलेल्या अंगरख्यातला, ग्रंथवेडा विद्यार्थी आहे.

इंग्लंडात त्या काळी साक्षरतेचे मोल अक्षरशः प्राणाएवढे होते. धर्मोपदेशकाला राजाचे न्यायालय देहदंड देऊ शकत नसे. आणि धर्मोपदेशक कोण, तर ज्याला वाचता येते तो! आरोपीपुढे बहुधा ५१ वे स्तोत्र धरले जाई. ते वाचले की फाशी टळे. साहजिकच ते पाठ करून ठेवणारे निरक्षरही निघाले. (परीक्षेतील ही युक्ती आपल्या विद्यार्थ्यांनी शोधलेली नव्हे.) अखेर १४८९ च्या कायद्याने सामान्य जनांना ही सवलत एकदाच ठेवली आणि खूण म्हणून अंगठ्यावर डाग देण्यास प्रारंभ झाला. नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वात एका नटाला ठार केले, तेव्हा तो असाच वाचनाच्या बळावर, अंगठा डागून घेऊन सुटला. सवलत रद्द झाली ती १८२७ मध्ये.

पुढे छापखाने आले, शाळा वाढल्या, वाचणे ही मूठभरांची मिरास उरली नाही. क्लार्कचे तेज ओसरले ते त्याची योग्यता घटली म्हणून नव्हे, इतरांनाही अक्षर आले म्हणून. अमेरिकेत तर दुकानातला विक्रेताही 'क्लर्क' झाला. तथापि ब्रिटिश कॉमन्स सभागृहाचा सर्वोच्च अधिकारी आजही 'क्लार्क'च म्हणवतो.

आणि आपला कारकून? फारसीत 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. हुकमाची ताबेदारी वा नकला उतरविणे यांचा त्या शब्दात मागमूसही नाही.