बाष्पाचा कारभार

गिरणीच्या उत्तुंग धुराड्याकडे पाहणाऱ्याला त्याच्या पायथ्याशी विटांच्या बांधकामात बसविलेला बॉयलर सहसा दिसत नाही. आणि वरकरणी त्याचा व्यवहारही साधाच, की इंधनाची उष्णता पोलादाच्या पत्र्यातून पाण्यात उतरवावी व दाबाखाली कोंडलेली वाफ यंत्रांकडे रवाना करावी. परंतु नळीच्या आत अग्नीने राहावे की पाण्याने, या एका प्रश्नावरून बॉयलरांच्या दोन मुख्य जाती पडल्या.

पहिल्या जातीत अग्नी आत असतो. विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ साली ज्याचे पेटंट घेतले, तो लँकेशायर बॉयलर हा तिचा खानदानी प्रतिनिधी. पुरुषभर उंचीच्या आडव्या पिंपात दोन नळकांडी आरपार गेलेली, दोहोंच्या तोंडाशी भट्ट्या आणि सभोवार पाणी. फायरमनने एका भट्टीत नवा कोळसा टाकावा तेव्हा दुसरीतील निखारे रसरसलेले असावेत, म्हणजे पहिलीचा धूर दुसरीच्या तप्त वायूंत मिसळून जळून जाईल, अशी मूळ योजना. नळकांड्यांतून निघालेले वायू पुन्हा पिंपाच्या तळाखालून व दोन्ही कुशींनी फिरवून, त्यांच्याकडून उष्णतेची उरलीसुरली वसुली करूनच, धुराड्यात सोडले जात.

यातील खरे भय वाफेचे नसून पाण्याचे आहे. वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापूनही द्रवच राहते. पण पत्रा फाटून दाब अकस्मात नाहीसा झाला, की त्यातील सुमारे सातव्या हिश्श्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. म्हणून काचनळीतील पाण्याची पातळी ही फायरमनची पहिली जबाबदारी. पातळी खाली गेली, तर उघडे पडलेले नळकांडे लाल होऊन मऊ पडते आणि दाबाखाली चेपते.

दुसऱ्या जातीत पाणी अरुंद नळ्यांतून वाहते व ज्वाळा बाहेरून खेळतात. अमेरिकेत बॅबकॉक आणि विल्कॉक्स यांनी १८६७ साली अशा बॉयलरचे पेटंट घेतले. त्याच दाबाने रुंद पिंपाच्या भिंतीवर जितका ताण येतो, तितका अरुंद नळीवर येत नाही, म्हणून उच्च दाबासाठी हीच जात योग्य ठरली. आमच्या साखर कारखान्यांत ती निम्म्याच्या आसपास ओल असलेला बगॅस जाळते. उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर आटवण्याची ही काटकसर मला तरी कोणत्याही आयात इंधनापेक्षा शहाणपणाची वाटते.

१९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याने नोंदणी, सरकारी निरीक्षकाची तपासणी आणि मुदतीचा दाखला सक्तीचा केला. बॉयलरच्या मजबुतीची परीक्षा मात्र वाफेने नव्हे, तर नेहमीच्या दाबाहून अधिक दाबाच्या थंड पाण्याने घेतात. कारण ते फुगत नाही, आणि कमजोर सांधा सुटलाच तर केवळ गळतो.