राजीचा पेला

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने घडविलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर उपलब्ध झाला. आपल्या देशात तयार झालेल्या आणि जगभर खेळल्या गेलेल्या मोजक्या खेळांपैकी हा एक. त्याची नायिका राजी ही खेळ-तमाशे करून पोट भरणारी एक अनाथ मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी उभे राहतात. सारा खेळ या एका शोधावर उभा आहे. पार्श्वभूमीची चित्रे पहाडी शैलीच्या वळणाची आहेत आणि वास्तू राजस्थानातील किल्ल्यांची आठवण करून देतात.

या खेळासाठी निर्मात्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडून निधी मागितला होता. अपेक्षित रक्कम जमली नाही. ज्याचे आयुष्य बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेले, त्याला हे वाचून नवल वाटत नाही. तारण काय, तर एक काल्पनिक मुलगी! माझ्यासमोर असा अर्ज आला असता तर मीही त्यावर ‘अधिक कागदपत्रे सादर करावीत’ असाच शेरा मारला असता. तरीही खेळ पूर्ण झाला, ही गोष्ट मला त्यातील लढायांपेक्षा अधिक रोमांचक वाटते.

माझी नात नववीत आहे. तिचा धाकटा भाऊ गेल्या जूनपासून बाहेरगावच्या निवासी विद्यालयात सहावीत शिकतो. हा खेळ दोघे मिळून खेळत असत. तो गेल्यापासून तिने तो उघडलेला नाही. मार्चमध्ये तो चार दिवसांसाठी घरी येणार असे कळले, तेव्हा तिने मला सांगितले, “आजोबा, त्याच्यासाठी राजीच्या नावाचे मॉकटेल करायचे आहे. पण ते मोठ्या आजींनाही चालले पाहिजे.” मोठ्या आजी म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी, वय वर्षे चौऱ्याऐंशी. त्या उकळलेले पाणी घेतात, चौविहार पाळतात आणि बाजारातील शीतपेयाला हात लावीत नाहीत. घरातील प्रत्येक समारंभात सर्वांच्या हाती पेले असतात आणि त्या रिकाम्या हाताने कौतुक करीत बसतात. मुलीच्या हे लक्षात आले होते. आम्हा मोठ्यांना त्याची सवय झाली होती.

‘मॉकटेल’ या शब्दावर वहिनींनी प्रथमच आक्षेप घेतला. ज्या पदार्थाचे नावच मद्याची नक्कल सांगते, तो कशाला करायचा? मला त्यांचे म्हणणे पटले. ‘सरबत’ हा शब्द मूळ अरबी ‘पिणे’ या धातूपासून आला, शतकानुशतके आपल्या घरात रुळला, आणि त्यात कोणतीही नक्कल नाही. तेव्हा नाव ठरले ‘राजीचे सरबत’. खेळातील शस्त्रे आणि संहार याविषयीही त्यांनी विचारले. नातीने उत्तर दिले, “त्रिशूळ नाही घ्यायचा, मोठ्या आजी. फक्त भावाला शोधणे घ्यायचे.” एवढ्यावर तो विषय मिटला.

फूल कोणते, हा पुढचा प्रश्न. गोंदिया जिल्ह्याचे फूल म्हटले की मोह आठवतो, आणि काही सुहृदांनी तो सुचविलाही. मोहफुलात मद्य नसते हे खरे. परंतु त्यात साखर इतकी असते की ओलसर राहिल्यास ते लवकर आंबू लागते. आपल्या घरात त्याला जागा नाही. पळस दिसायला देखणा, पण त्याचा रंग आम्ही होळीपुरताच ओळखतो. निवड झाली ती कुंपणावर उगवणाऱ्या निळ्या गोकर्णाची. थायलंडमध्ये या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून पिण्याची पद्धत आहे, मलेशियात त्याने भात रंगवितात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये त्याच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. गोकर्णाच्या पाकळ्यांतील रंगद्रव्य आम्लाला फार संवेदनशील असते. निळ्या पाण्यात लिंबाचे थेंब पडताच ते जांभळे होते, आणखी पडले की गुलाबी छटा घेते. नातीला यात राजी दिसली: विष्णूचा निळा वर्ण आणि दुर्गेचा तांबडा, एकाच पेल्यात, आणि बदल घडविणारा हात पिणाऱ्याचाच.

“फूल तोडले की गळले?” हा वहिनींचा प्रश्न अपेक्षितच होता. आपल्यातील अनेक घरांत फुले खात नाहीत. त्यांच्या घडीत सूक्ष्म जीव लपतात, हे त्यामागील कारण. गोकर्णाचे फूल एखाद्या दिवसातच मिटते. नातीने महिनाभर संध्याकाळी गळून पडलेली ताजी फुले वेचली, प्रत्येक पाकळी उजेडात धरून तपासली, हिरवे देठ काढून टाकले आणि पाकळ्या सावलीत वाळविल्या. ज्यांना वाळलेले फूलही वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी कोकमाचे पाणी हा उत्तम पर्याय आहे; त्याचा लाल रंग पेल्यात तितकाच शोभतो. वहिनींनी स्वतःसाठी तोच मार्ग निवडला. कोणी कोणाची समजूत काढली नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे. गोकर्णाच्या बिया व मुळे रेचक असतात, म्हणून शेंगेचा अंशही पाण्यात जाऊ देऊ नये. पूजेसाठी बाजारात मिळणाऱ्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. ती घेऊ नयेत. गर्भवती स्त्रियांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच हे सरबत घ्यावे.

आंबट-गोड बाजू सांभाळली ती संत्र्याने. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे मुख्यतः दोन बहर : आंबिया बहराचे फळ पावसाळ्यानंतर हाती येते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आमच्या मुहूर्तासाठी मृगाचे संत्रे. या फळाची एक खोड गृहिणींना ठाऊक असते. रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. फळात लिमोनिन या कडू द्रव्याचे चव नसलेले पूर्वरूप असते आणि रसातील आम्लामुळे त्याचे हळूहळू लिमोनिन बनते. बिया आणि पांढरी साल भरडली गेली तर कडूपणा अधिक. म्हणून यंत्रात घालण्याऐवजी फोडी सोलून, बिया काढून, हातानेच रस पिळावा आणि तो लगेच वापरावा. आपल्याकडे चलित रस, म्हणजे चव पालटलेला पदार्थ, अभक्ष्य मानला आहे. विज्ञानाने धर्म सिद्ध केला असे म्हणण्याचा मोह अशा वेळी अनेकांना होतो. मला तो रुचत नाही. नियमामागील विचार वेगळा आणि रसायनशास्त्र वेगळे. इतके मात्र खरे की ज्या घरात रस शिळा ठेवीत नाहीत, त्या घरात तो कडूही होत नाही.

मध वर्ज्य, त्यामुळे गोडीसाठी साखर. बर्फ हा बावीस अभक्ष्यांत मोडतो, त्यामुळे तोही नाही. बर्फाशिवाय गारवा कसा आणावा, हे विदर्भातील माणसाला शिकवावे लागत नाही. स्टीलच्या गंजाला ओले फडके गुंडाळून तो वाहत्या वाऱ्यात ठेवला की बाष्पीभवनाने पाणी चांगले निवते. भांडे मात्र स्टीलचे किंवा काचेचेच हवे; तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू-संत्र्याचा रस ठेवू नये.

सहा पेल्यांचे प्रमाण असे. पाऊण लिटर पाणी उकळून त्यात वीस-पंचवीस वाळलेल्या फुलांच्या पाकळ्या पाच-सात मिनिटे झाकून ठेवाव्यात, मग स्वच्छ फडक्यातून गाळून पाणी निववावे. नव्वद ग्रॅम साखर तितक्याच पाण्यात विरघळवून त्यात दोन वेलदोड्यांची पूड घालावी. सहा-सात संत्र्यांचा सुमारे तीनशे मिलिलिटर रस या पाकात मिसळावा, चिमूटभर सैंधव घालावे. हे मिश्रण प्रथम पेल्यात ओतावे. साखरेमुळे ते जड असते आणि तळाशी बसते. त्यावर चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून निळे पाणी अगदी सावकाश सोडावे. तळाशी केशरी, वर निळे आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे जांभळी रेघ उमटते. लिंबाचा रस वेगळ्या वाटीत द्यावा. तो ज्याने त्याने आपल्या हाताने घालावा. आधी लिंबू, मग ढवळणे, हा क्रम महत्त्वाचा. लिंबाआधी ढवळल्यास निळा व केशरी मिळून गढूळ रंग येतो. कोकमाचा पेला करताना निळ्या पाण्याऐवजी निवलेले कोकमाचे पाणी घ्यावे आणि लिंबू निम्मे करावे, कारण कोकम स्वतःच आंबट.

मार्चच्या मध्यास गोंदियात सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो. आम्ही पाच वाजता बसलो. नातवाने पेल्यात लिंबू घातले, रंग पालटलेला पाहिला आणि बहिणीला विचारले, “गोलू सापडला का?” तिने सांगितले की त्याच्याशिवाय पुढचा भाग खेळलेलाच नाही. वहिनींनी आपला तांबडा पेला उजेडात धरून पाहिला, दोन घोट घेतले आणि सैंधव किंचित कमी हवे, असा अभिप्राय दिला. वर दिलेले प्रमाण त्यांच्या सूचनेनंतरचे आहे.

वाळलेल्या पाकळ्या कोरड्या काचेच्या बरणीत बराच काळ टिकतात. पावसाळ्यात मात्र त्या न ठेवलेल्याच बऱ्या, दमट हवेत त्यांना बुरशी लवकर धरते.