तीनचाकी बाबागाडी घेताना पुढचे चाक आधी पाहा

लहान मुलांना फिरवण्याच्या तीन चाकांच्या बाबागाड्या हल्ली आपल्याकडच्या दुकानांतही दिसू लागल्या आहेत. आखाती देशांतून रजेवर येणारी मंडळीही एखादी गाडी बरोबर घेऊन येतात. आमचा धंदा कापडाचा. पण बाबागाडीची गादी, टप आणि पट्टे हे सगळे कापडच, म्हणून काही व्यापारी मित्रांनी हा माल कसा पारखावा असे आम्हाला विचारले. घरात नातवंडे असल्याने या गाड्या ढकलण्याचा आणि जिन्यावरून उचलण्याचा अनुभवही आम्हाला आहे. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की, तीन चाके दिसली म्हणजे गाडी एकाच जातीची असे समजू नये. बाजारात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक खरा तीनचाकी: सायकलसारखी मोठी, हवेची चाके, लांब सांगाडा, मागची दोन चाके दूर. दुसरा म्हणजे साध्या शहरी गाडीलाच पुढे दोनऐवजी एक प्लास्टिकचे चाक लावलेला. दिसायला दोन्ही ऐटदार. पण खऱ्या गाडीचा जो फायदा आहे तो या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ नाहीच, आणि चार चाकांचा जो स्थिरपणा असतो तोही कमी होतो. असा माल केवळ नवीन फॅशन म्हणून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा फायदा कोणता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी इंग्लंडच्या ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान अभियंत्याने 1965 मध्ये तयार केली. ती ॲल्युमिनियमची होती आणि तिचे वजन तीन किलोच्याही आत होते. फरशीवर, फुटपाथवर ती उत्तम. पण छोटी चाके खडीत रुततात आणि खड्ड्यात अडकतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावी फिल बेकलर नावाच्या पत्रकाराला धावायला जाताना आपल्या लहान मुलाला बरोबर न्यायचे होते. त्याने गाडीला सायकलची चाके जोडून पाहिली आणि 1984 पासून तशा गाड्यांचा धंदाच सुरू केला. पुढे न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकात डोंगरवाटा आणि कच्चे रस्ते डोळ्यांसमोर ठेवून अशाच गाड्या बनू लागल्या. म्हणजे ही वस्तू जन्मली ती धावण्यासाठी आणि खराब वाटेसाठी. ज्याची वाट खराब आहे त्याला तिचा उपयोग. बाकीच्यांना तिचे वजनच जास्त.

तीन पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. तेच तत्त्व येथे आहे. तीनही चाके सतत जमिनीला टेकलेली राहतात आणि मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते. मात्र पुढच्या बाजूला आधार एकाच बिंदूवर असतो. त्यामुळे वेगात वळण घेतले किंवा एका बाजूचे मागचे चाक फुटपाथच्या कडेवर चढले तर गाडी तिरक्या दिशेने कलंडू शकते. म्हणून मागच्या दोन चाकांतील अंतर भरपूर हवे आणि मुलाची बैठक खाली हवी. उंच बैठक आणि अरुंद मागची बाजू असलेली तीनचाकी दुकानात कितीही सुरेख दिसली तरी ती परत ठेवावी.

आता जागेचा हिशेब. मोठ्या चाकांची गाडी साधारण 10 ते 14 किलो भरते. त्यात दहा किलोचे मूल, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईतल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्या आईने हे रोज कसे उचलावे? मागची रुंदी 60 ते 65 सेंटिमीटर असते. अडीच फुटी दारातून ती जाते, पण जिन्याच्या वळणावर आणि जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारात अडते. खरेदीला जाताना घराचे दार, लिफ्ट आणि गाडी मिटवून ठेवायची जागा टेपने मोजून घ्यावी. हे माप जमत नसेल तर सरळ हलकी चारचाकी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. याउलट घर तळमजल्यावर आहे, समोरचा रस्ता खडीचा आहे, दवाखाना किंवा बाजार अर्धा-एक किलोमीटरवर आहे, अशा कुटुंबाला मोठ्या चाकांची गाडी खरोखर सुख देते.

गाडीत सर्वांत महत्त्वाचा भाग पुढचे चाक. ते तीन तऱ्हेचे असते: कायम सरळ, कायम फिरते, आणि गरजेप्रमाणे सरळ किंवा फिरते करता येणारे. बाजारात, गर्दीत फिरते चाक सोयीचे. एका हाताने गाडी वळते. पण वेग वाढला की फिरते चाक थरथरू लागते आणि एखाद्या दगडाला लागून एकदम आडवे होते. खडबडीत वाटेवर आणि वेगात चालताना ते सरळ करून अडकवलेच पाहिजे. म्हणून तिसरी तऱ्हा सर्वांत चांगली. ती घेताना चाक अडकवून दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवून पाहावे; खुळखुळ जाणवली तर माल कच्चा.

बऱ्याच गाड्यांचे पुढचे चाक सायकलच्या झटपट उघडणाऱ्या खटक्याने बसवलेले असते. मोटारीच्या डिकीत ठेवताना ते काढता येते. धोका येथेच आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटॅक्स कंपनीवर बॉब या तीनचाकी गाड्यांबद्दल दावा दाखल केला. चालताना पुढचे चाक निसटल्याच्या सुमारे 200 तक्रारी आयोगाकडे आल्या होत्या आणि त्यांत मुले व मोठी माणसे जखमी झाली होती. कंपनीने आपल्या मालात दोष असल्याचे मान्य केले नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये तडजोड झाली. दोष यंत्राचा की वापरणाऱ्याच्या हाताचा, हा वाद बाजूला ठेवला तरी बोध एकच निघतो. चाक परत बसवल्यावर खटका पूर्ण दाबावा, मग गाडी पुढून उचलून चाक खाली खेचून पाहावे. सायकल दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांना हे सांगायला नको. दुकानदाराने मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतःच्या हाताने करून दाखवावे.

मुलाचे वय किती, यावर बैठक अवलंबून आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मान सावरता येत नाही. त्याला जवळजवळ सपाट झोपवता आले पाहिजे. युरोपच्या ईएन 1888 या मानकात सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी पाठ आणि बैठक यांतील कोन निदान 150 अंशांचा असावा असे धरले आहे. पुष्कळ तीनचाकी गाड्यांची पाठ इतकी मागे जात नाही. त्यांना वेगळा पाळणा जोडावा लागतो. गाडी ढकलत धावायचे असेल तर मूल निदान सहा-आठ महिन्यांचे झाल्याशिवाय तसे करू नये. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. नुसता कमरपट्टा असलेल्या गाडीत दीड वर्षाचे मूल उभे राहते.

ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. आमची परीक्षा सोपी आहे. दहा किलो तांदळाची गोणी बैठकीत पट्ट्याने बांधावी, इमारतीच्या उतारावर गाडी उभी करून ब्रेक लावावा आणि बाजूला व्हावे. गाडी बोटभर जरी सरकली तरी नको. मोठी हवेची चाके सहज फिरतात, हा त्यांचा गुण. पण त्याच गुणामुळे थोड्या उतारावरही गाडी हातातून निघून जाते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2009 मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर आईचा हात क्षणभर सुटला आणि बाबागाडी फलाटावरून रुळांवर येणाऱ्या गाडीपुढे पडली. बाळ वाचले. त्या देशात मनगटाला अडकवायचा पट्टा आणि लाल रंगाचा ब्रेक 2008 पासूनच सक्तीचा आहे. आपल्या बाजारातल्या अनेक गाड्यांना मनगटाचा पट्टा नसतो. दोन हात निवारीचा नायलॉन पट्टा घेऊन शिंप्याकडून तो सांगाड्याला पक्का करून घेता येतो; खर्च किरकोळ आहे. आणि भाजीची पिशवी मुठीला अडकवण्याची सवय सोडावी. मूल उतरवले की गाडी मागे उलटते, आणि बसलेले असतानाही उलटू शकते.

गाडी मिटवताना मूल जवळ नसावे. 2009 मध्ये मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्यांवर अमेरिकेत बिजागरीला आच्छादन बसवावे लागले, कारण मुलांची बोटे त्यात सापडून तुटली होती.

आता आमच्या विषयाकडे. टप आणि बैठकीचे कापड बहुधा 600 डेनिअरचे पॉलिस्टर असते. साडी आणि सूटिंगवाल्यांना डेनिअर ठाऊक आहे: 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण तेवढ्याने कापड टिकाऊ ठरत नाही. विणीची दाटी आणि मागचा लेप पाहावा. पाण्याचा थेंब टाकावा. तो गोळी होऊन राहिला तर लेप ठीक. कापड चुरगाळून उलट बाजूला नख फिरवावे. लेप पावडरीसारखा निघाला तर पहिल्या पावसाळ्यात तो संपेल. ओला पांढरा रुमाल पट्ट्यावर आणि बैठकीवर जोराने घासावा. रंग उतरला तर तो मुलाच्या तोंडात जाणार, कारण दात येणारे मूल पट्टा चघळल्याशिवाय राहत नाही. पट्टा सांगाड्याला जोडला आहे तेथे चौकोनात फुली अशी शिलाई हवी. एकेरी सरळ टीप असेल तर ओझ्याने ती एका टोकापासून उसवत जाते. पट्टा तुटला तर त्या जागी सुती निवार किंवा नाडा लावू नये.  पट्ट्याला ब्लीचही लावू नये.

पॉलिस्टरची बैठक आपल्या उन्हाळ्यात घामाने चिकट होते. त्यावर घालायची सुती गादी आपले शिंपी सुरेख शिवू शकतात, आणि हा एक छोटा धंदाही होऊ शकतो. फक्त पट्ट्यांच्या पाचही जागी काजे बरोबर पडली पाहिजेत आणि पाठीमागे जाड कापूस भरू नये. कापूस दबला की पट्टा ढिला पडतो.

उन्हात गाडीवर चादर किंवा ओढणी टाकून झाकण्याची पद्धत मात्र धोक्याची आहे. कापड पातळ आहे म्हणून हवा खेळते, असा समज असतो. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये मोजून दाखवले की कोरड्या मलमलनेसुद्धा गाडीच्या आतले तापमान वाढते. तीच मलमल ओली ठेवून छोटा पंखा लावला तर ते पाच अंशांच्या आसपास कमी होते. टपाला मागे जाळीची खिडकी असलेली गाडी म्हणूनच पसंत करावी.

चाकांच्या रबराबद्दल. हवेचे चाक मऊ चालते, पण बाभळीचा काटा त्याला ओळखतो. भरीव फोमचे चाक पंक्चर होत नाही, थोडे कडक चालते. ज्यांच्या घरी पंप नाही त्यांनी तेच घ्यावे. हवेच्या चाकात 12 इंची ट्यूब पुष्कळदा मुलांच्या सायकलच्या मापाची असते, पण तिचा व्हॉल्व्ह मोटारीच्या धाटणीचा आणि कधी वाकडा असतो. टायरवर लिहिलेले माप कागदावर उतरवून सायकलवाल्याकडे ट्यूब मिळते का, हे खरेदीपूर्वी विचारावे. हवेचा दाबही टायरच्या कडेवर छापलेला असतो. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने हवा भरू नये. एवढी लहान ट्यूब क्षणात फुटते.

परदेशातून आलेली जुनी गाडी विकत घेताना किंवा विकताना मॉडेलचा क्रमांक आणि वर्ष पाहावे, आणि कंपनीने तो माल परत मागवला होता काय याची खातरजमा करावी. उन्हात वर्षानुवर्षे पडलेला पट्टा वरून ठीक दिसतो. नखाने खरवडल्यावर धूळ निघाली तर तो कुजला आहे. पुढच्या चाकाचा खटका, ब्रेकची तार आणि मिटवण्याची कडी हे तीन भाग आपल्याकडे सुटे मिळणार नसतील तर ती गाडी कमी भावातही घेऊ नये. दुकानात ठेवायची असेल तर विकणाऱ्या कंपनीकडून हे तीन सुटे भाग मिळण्याची हमी लेखी घ्यावी आणि बिलावर मॉडेलचा क्रमांक लिहून द्यावा.