संगणक-व्यवस्थापन, स्वयंचलित
अनेक संगणकांवर आज्ञावल्या बसविणे, त्यांची मांडणी एकसारखी राखणे व सुधारणा लागू करणे ही कामे प्रत्येक यंत्रापुढे बसून हाताने न करता एका ठिकाणाहून आज्ञावलीकडून करवून घेण्याची पद्धती. या कामाच्या बऱ्याच आज्ञावल्या मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणासही पाहता, वापरता आणि परवान्याच्या अटींनुसार बदलता येते. नव्या सोयी न देता मुख्यतः दोष दूर करण्यासाठी अशा आज्ञावलीचे जे लहान प्रकाशन होते, त्यास देखभाल-आवृत्ती म्हणतात. आवृत्तीचा क्रमांक तीन अंकांचा असल्यास सामान्यतः त्यातील शेवटचा अंक देखभाल-आवृत्तीचा असतो.

इतिहास व कार्यपद्धती : मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लो येथे तयार केलेली सीएफएंजिन ही या प्रकारची आद्य आज्ञावली होय. त्यानंतर पपेट (२००५), शेफ (२००९), सॉल्ट (२०११) व अ‍ॅन्सिबल (२०१२) या आज्ञावल्या पुढे आल्या. पूर्वी व्यवस्थापक कामाची प्रत्येक पायरी लिहून देत असे. या पद्धतीत मुख्यतः अपेक्षित अंतिम स्थिती लिहिली जाते, उदा., अमुक सेवा चालू असावी, अमुक फाइलीत अमुक मजकूर असावा. आज्ञावली प्रत्यक्ष स्थिती तपासते व तफावत आढळली तरच बदल करते. त्यामुळे तेच काम पुनःपुन्हा करविले, तरी बिघाड होत नाही. पपेटच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येक संगणकावर एक साहाय्यक आज्ञावली कायम असते. अ‍ॅन्सिबलला तशी गरज भासत नाही.

वेधशाळेतील उपयोग : हेच तत्त्व मोठ्या वैज्ञानिक उपकरणांच्या नियंत्रणातही आढळते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प आहे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः, तर एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या असून रचना अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांप्रमाणे आहे. टांगलेले आरसे व लेसर किरण यांचा अचूक मेळ बसल्याखेरीज असे उपकरण वेध घेऊ शकत नाही. अमेरिकेतील वेधशाळांत हा मेळ साधण्यासाठी गार्डियन ही पायथन भाषेतील स्वयंचलन आज्ञावली वापरतात. चालक केवळ हवी असलेली स्थिती सांगतो. तेथवर पोहोचण्याचा मार्ग आज्ञावली शोधते.

देखभालीचे महत्त्व : तरंगाची खात्री पटण्यासाठी तो परस्परांपासून दूर असलेल्या वेधशाळांत जवळजवळ एकाच वेळी नोंदला जाणे महत्त्वाचे असते. एखादी वेधशाळा त्या क्षणी बंद असल्यास तो वेध तिला पुन्हा मिळत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग नोंदला गेल्यावर उपकरणांची मांडणी मुद्दाम न बदलता तशीच ठेवण्यात आली; कारण तसा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता किती, हे ठरविण्यास त्याच स्थितीतील पुष्कळ नोंदी आवश्यक होत्या. म्हणून निर्दोष वाटणारी सुधारणाही तेथे वाटेल तेव्हा लागू करीत नाहीत. देखभालीसाठी आठवड्यातील ठराविक वेळ राखून ठेवलेली असते.

याउलट विलंबही घातक ठरतो. सॉल्टमध्ये ओळखतपासणी टाळून मुख्य सर्व्हरवर व त्याच्या अखत्यारीतील संगणकांवर पूर्ण अधिकाराने आज्ञा चालविता येतील, असा दोष आढळला. तो दूर करणाऱ्या २०१९.२.४ व ३०००.२ या आवृत्त्या एप्रिल २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाल्या. तरीही मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, सुधारणा न केलेल्या सर्व्हरांवर हल्ले झाले. एका ठिकाणाहून शेकडो यंत्रे चालविण्याची सोय दोषाच्या प्रसारासही तितकीच उपयोगी पडते, हे यावरून दिसून आले.

यास्तव देखभाल-आवृत्तीतील बदल थोडे व स्पष्ट नोंदलेले असावेत, ते प्रथम चाचणीच्या संगणकावर पडताळावेत, मागील आवृत्तीकडे परतण्याची सोय ठेवावी आणि सुरक्षेशी संबंधित सुधारणा विनाविलंब लागू करावी, असे संकेत रूढ झाले आहेत. संहिता खुली असल्याने नेमका कोणता बदल झाला हे वापरणाऱ्यास स्वतः तपासता येते. मात्र तेवढ्याने तपासणी आपोआप होत नाही, ती जाणकार माणसांनाच करावी लागते.