काट्याची टक्कर, मिशांची माघार!

माहीत आहे का, जगात अशी बरीच घरं आहेत जिथे सोफ्यावर मांजर पसरलेलं असतं आणि पलीकडच्या खोलीत हेजहॉग चाकावर धावत असतो? अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, जपान... छप्पर एक, पेट्स दोन. एकाला मिशा, दुसऱ्याला काटे. मग दोस्ती की दंगल? चला, बघूया!

आधी ओळख परेड. हा आपला साळिंदर नव्हे हं! साळिंदर उंदीर-घुशींच्या मोठ्या खानदानातलं. हेजहॉगचे भाऊबंद भलतेच. सांगू कोण? चिचुंद्री! होय तीच, जी दिसली की आपण झाडू शोधतो. इन्स्टाग्रामवरचा क्यूट स्टार आणि मोरीतली चिचुंद्री एकाच गणातले. नातेवाईक निवडता येत नाहीत, बॉस.

पाळला जातो तो बहुतेक आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. वजन साधारण 300 ते 600 ग्रॅम, म्हणजे मांजरापुढे अगदीच लिंबूटिंबू. अमेरिकेत 1990च्या आसपास याची जबरदस्त क्रेझ आली. मग लाळ्या-खुरकुताच्या भीतीने सरकारने आफ्रिकेतून आयात बंद केली. त्यामुळे आज तिथल्या घरांत दिसणारे हेजहॉग त्याच जुन्या पाहुण्यांची नातवंडं-पतवंडं!

आता बोटं मोजा. याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. एकूण 18. आणि मांजराची? पुढे पाच-पाच, मागे चार-चार. टोटल 18! पत्रिका जुळली. (हा 18चा आकडा लक्षात ठेवा, पुढे यात एक जबरदस्त ट्विस्ट आहे.)

पहिली भेट कशी होते? स्क्रिप्ट ठरलेली. मांजर दबक्या पावलांनी येतं, नाक पुढे करतं, टोचतं, आणि 'मी कुठे काय केलं' असा चेहरा करून पंजा चाटत बसतं. पिक्चर संपला!

कारण समोर तीन ते पाच हजार काटे आहेत. हे काटे म्हणजे खरं तर केसच, आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, फक्त कडक झालेले. ते बाणासारखे सुटत नाहीत, अंगात रुतून तुटतही नाहीत. संकट आलं की हेजहॉगच्या कातडीखालचा गोल स्नायू बटव्याची नाडी ओढावी तसा आवळला जातो. डोकं, पाय, मऊ पोट, सगळं आत. बाहेर उरतो फक्त काट्यांचा चेंडू. आपल्या अंगावर घाबरल्यावर काटा येतो, याच्या अंगावर तो कायमचा मुक्कामाला!

पण माहीत आहे का, जाड हेजहॉगचा हा बटवा नीट बंदच होत नाही? पाळीव हेजहॉग फार पटकन सुटतात. आणि ते सुटतात कशाने? उत्तर शेजारच्याच वाटीत आहे: मांजराचं खाणं!

बऱ्याच घरांत हेजहॉगच्या जेवणाचा पाया म्हणजे कमी चरबीचं कोरडं कॅट फूड. वर तोंडी लावायला किडे आणि अळ्या. म्हणजे किराणा एकाच पिशवीत! फक्त मापात वाढायचं. ब्रिटनमध्ये तर बागेत येणाऱ्या रानटी हेजहॉगसाठीही लोक मांजराचंच मांसाहारी खाद्य ठेवतात. मग व्हायचं तेच होतं. गल्लीतला बोका येतो आणि पाहुण्याचं ताट साफ करून जातो.

यावर इंग्रजांनी काढलेला तोडगा एकदम काटेकोर. जेवणाच्या पेटीला भोक ठेवायचं 13 सेंटिमीटर बाय 13 सेंटिमीटर. हेजहॉग आरामात आत, बोका बाहेर. पण बोकाच तो, पंजा घालून वाटी ओढणार! म्हणून पेटीच्या आत एक आडवी भिंत. हीच 13 सेंटिमीटरची भोकं आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंपणांतही पाडली जातात, म्हणजे हेजहॉगला एका बागेतून दुसऱ्या बागेत जाता येतं. 'हेजहॉग स्ट्रीट' नावाची ही मोहीम 2011 पासून सुरू आहे. रस्ता रुंदीकरणाच्या जमान्यात एवढासा हायवे!

दुधाचं काय? गोष्टीच्या पुस्तकांत मांजरापुढे बशीभर दूध, हेजहॉगपुढेही बशीभर दूध. प्रत्यक्षात दोघांचंही पोट बिघडतं! हेजहॉगला लॅक्टोज पचत नाही आणि बहुतेक मोठ्या मांजरांनाही ते झेपत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं खरं, पण नंतर डोळे मालकाचे उघडतात. दोघांनाही साधं पाणी द्या.

आणि गोडाचं? मांजराला गोड चवच कळत नाही. त्यासाठी लागणारं एक जनुकच तिच्यात बंद पडलंय. म्हणजे घरात पुरणपोळी असली तरी मनीचा डोळा तुपावर.

रात्रपाळी! हेजहॉग दिवसभर झोपतो आणि अंधार पडला की चाकावर चढतो. एका रात्रीत काही किलोमीटर सहज. आणि धावता धावताच शी करतो. थांबायला वेळ कुणाला आहे? मग तीच पायांखाली तुडवत मॅरेथॉन पुढे चालू. सकाळी पायांवर वाळून बसलेल्या या थराला अमेरिकेतले मालक लाडाने 'पूप बूट्स' म्हणतात. रोजचं पेडिक्युअर तुमच्याकडे. मांजर मात्र हे सगळं दुरून, अत्यंत तुच्छतेने बघतं.

आता विचित्रपणाचा कळस. नवा वास आला की हेजहॉग ती वस्तू चाटतो, चावतो, तोंडात फेस करतो आणि मान पाठीमागे वळवून तो फेस स्वतःच्याच काट्यांना फासतो. नवखे मालक घाबरून थेट डॉक्टरांना फोन लावतात. पण हा आजार नाही, हा परफ्यूम आहे! कशासाठी लावतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

मांजराला हसू देऊ नका. तीही तेच करते! कॅटनिप किंवा जपानमधली सिल्व्हर वाइन नावाची वेल मिळाली की ती पानांवर तोंड घासते, लोळते, बेभान होते. 2021 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की पानांतला तो रस अंगाला लागला की डास मांजराजवळ कमी येतात. म्हणजे नशाबिशा सगळं ठीक, पण मॅडम ओडोमॉस लावत होत्या.

आठवतो ना आकडा 18? आता ट्विस्ट!

1980 मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे शास्त्रज्ञ फळमाशीची जनुकं शोधत होते. एक जनुक बिघडलं की माशीची अळी अंगभर बारीक काट्यांनी भरायची. नाव दिलं 'हेजहॉग'. पुढे 1995 मध्ये दोघांना नोबेल. मग पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याच जनुकाची भावंडं सापडली. दोघांना खऱ्या प्रजातींची नावं मिळाली: 'डेझर्ट हेजहॉग' आणि, कॉलर ताठ करा, 'इंडियन हेजहॉग'! तिसऱ्याच्या बारशाच्या वेळी सेगा कंपनीचा 1991 चा व्हिडिओ गेम गाजत होता. नाव पडलं 'सॉनिक हेजहॉग'. चेष्टा नाही. जगभरातले प्राध्यापक गंभीर चेहऱ्याने हे नाव परिषदांमध्ये घेतात.

हे सॉनिक महाशय गर्भात हातापायांना किती बोटं फुटावीत याची चावी फिरवतात. फ्लोरिडातल्या की वेस्टला लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचं घर आहे. तिथे आजही डझनावारी मांजरं राहतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या पंजाला सहा-सहा बोटं! बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारख्या फिरतात. कारण? सॉनिक हेजहॉग जनुकाला चालू-बंद करणारं बटण त्यांच्यात जरासं बदललंय. आणि हे बटण जनुकापासून जवळपास दहा लाख अक्षरं लांब आहे. पंखा हॉलमध्ये, स्विच दुसऱ्या तालुक्यात!

म्हणजे तुम्ही हेजहॉग पाळा किंवा नका पाळू, तुमच्या मांजरात एक हेजहॉग आधीच आहे. तुमच्यातही आहे.

साहित्यातली दोघांची एक फेमस गाठभेट? 1865 चं 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'. राणीच्या क्रोकेच्या खेळात चेंडू म्हणून जिवंत हेजहॉग, बॅट म्हणून फ्लेमिंगो, आणि मॅच ऐन रंगात असताना हवेत उगवतं चेशायर कॅटचं नुसतं डोकं. अंपायरिंगचा दर्जा काय असेल, कल्पना करा.

जरा सीरियस होऊ, दोनच मिनिटं. हेजहॉगच्या पिंजऱ्याला पक्कं झाकण हवं, कारण चेहऱ्याला आणि पोटाला काटे नसतात, आणि पिल्लांना तर मांजराचा पंजा खरंच महागात पडतो. मांजर तासन्‌तास पिंजऱ्यावर बसून टक लावत असेल तर आत बिचाऱ्याला टेन्शन येतं, तेव्हा खोली वेगळी ठेवलेली बरी. मांजराची गोळे होणारी लिटर माती हेजहॉगला नको, ती त्याच्या नाजूक जागी चिकटते. आणि खोलीत ऊब हवी, साधारण 24 ते 27 अंश. पारा फार खाली गेला की हा पिग्मी गारठून सुस्त पडतो, आणि त्याच्यासाठी ती झोप जीवघेणी ठरू शकते. उबेच्या बाबतीत मांजराची काही तक्रार नसते, हे सांगायला नकोच.

पापी? नको! 2019 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने चक्क बजावलं: हेजहॉगचे मुके घेऊ नका, साल्मोनेलाचा संसर्ग होतो. शिवाय गजकर्ण देण्यात दोघंही पटाईत, फक्त बुरशीचा ब्रँड वेगळा. हात धुवा, पुढे चला.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या समस्त मराठी मंडळींनो, तुमचा पत्ता कट. तिथे हेजहॉग पाळणं बेकायदा! हवाई आणि न्यूयॉर्क शहरातही तेच. मांजर चालेल, हेजहॉग नाही. आणि इथे भारतात रानातला हेजहॉग दिसला तर फोटो काढा, उचलून आणू नका. तो वन्यप्राणी आहे, त्याला त्याच्या कामावर जाऊ द्या.

इंग्लंडमध्ये मात्र एकेकाळी उलटा कारभार होता. हेजहॉग रात्री गाईचं दूध पितो या समजुतीपायी 1566 च्या कायद्यात त्याच्यावर बक्षीस लागलं होतं: एका नगाला दोन पेन्स. लॅक्टोज न पचणाऱ्यावर दूधचोरीचा आळ! आज त्याच देशात एलसबरीजवळ 'सेंट टिगीविंकल्स' नावाचं वन्यप्राण्यांचं हॉस्पिटल आहे, आणि तिथे त्याच्यावरही उपचार होतात. नाव आलं बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या 1905 च्या गोष्टीतल्या धोबीण हेजहॉगवरून, आणि पॉटरबाईंनी स्वतःही एक हेजहॉग पाळला होता.

तिथल्याच हेजहॉगप्रेमींनी 2006 मध्ये मॅकडोनाल्ड्सला मॅकफ्लरीच्या कपाचं झाकण बदलायला लावलं. आइस्क्रीम चाटायला गेलेल्या हेजहॉगची डोकी त्यात अडकत होती. मल्टिनॅशनल विरुद्ध काटे, निकाल काट्यांच्या बाजूने.

आता फोटोतली दोस्ती. जर्मनीतला हर्बी हा हेजहॉग आणि ऑड्री ही बेंगॉल मांजर, इन्स्टाग्रामवर गाजलेली सुपरहिट जोडी. डोंगर, तलाव, फुलं, आणि मधोमध हे दोघं. लाईक जरूर करा. पण माझं मत विचाराल तर तुमच्या घरी मैत्रीची अट घालू नका. एकाला उंचावरची जागा, दुसऱ्याला अंधारातलं बीळ, आणि दोघांचंही म्हणणं एकच: डिस्टर्ब करू नका. असे भाडेकरू मिळायला नशीब लागतं!

आणि रेकॉर्ड? पाळलेला हेजहॉग साधारण चार ते सहा वर्षं जगतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्रीम पफ ही मांजर 1967 मध्ये जन्मली आणि 2005 मध्ये गेली. 38 वर्षं आणि तीन दिवस, गिनेस बुकात नोंद! तेवढ्यात सात-आठ हेजहॉग एकामागून एक चाक फिरवून गेले असते. तिच्या आहारात काय होतं, माहीत आहे का? बेकन, अंडी, शतावरी, ब्रोकोली... आणि कॉफी. तीही दाट क्रीम घालून!