रिपोर्टातली वांगी आणि बांधावरचे गाजरगवत



या पानावर आम्ही एरवी लावण, खोडवा, बेणेमळा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या अंकातला विषय खाजेचा आहे. शेतकी खात्याचा माणूस खाजेवर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण या खाजेपायी आपल्या एका सभासदाचा सहा एकर ऊस मोडायची वेळ आली होती, आणि त्यात थोडा दोष आमचाही होता. म्हणून लिहिणे भाग आहे.

नीरा डाव्या कालव्यावरचे, इंदापूर तालुक्यातले हे जुने सभासद. नाव देत नाही, तात्या म्हणू. गेल्या पावसाळ्यात ते गट ऑफिसला आले ते को ८६०३२ ची नोंद रद्द करायला. आम्ही पाहतच राहिलो. माणूस निम्मा झाला होता. पापण्या सुजलेल्या, मान आणि कानामागची कातडी काळवंडून जाड झालेली, कोपराच्या लवणीत खाजवून खाजवून चिरा पडलेल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्ताचा रिपोर्ट.

"सायेब, मला साठ जिनसांची अ‍ॅलर्जी निघालीया," तात्या म्हणाले. "वांगं बंद, शेंगदाणा बंद, गहू बंद, हरभरा, टोमॅटो, तीळ, सगळं बंद. भात न् मुगाचं पाणी एवढंच पोटात जातं. तरी खाज हाय तशीच. आता रान वाट्यानं द्यावं म्हणतोय."

दोन वर्षांपूर्वी हेच तात्या हाताला पुरळ दाखवायला आमच्याकडे आले होते. तेव्हा आम्ही काय सांगितले? "उसाच्या कुसाचा त्रास असेल तात्या, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, युरिया टाकताना हात धुवा." झाले. त्यांच्या बांधावर कमरेएवढे गाजरगवत उभे होते. आम्ही त्यातूनच चालत ऊस पाहिला आणि परत आलो. ते गवत आमच्या डोळ्यांना तण म्हणून दिसले, रोग म्हणून दिसले नाही.

या खेपेला मात्र आमचे पुण्याला साखर संकुलात काम होते. तात्यांना बरोबर घेतले आणि एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, तात्यांची मान, हनुवटीखालची जागा, पापण्या निरखून पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बांधावर पांढऱ्या फुलांचे गवत आहे का?" नुसत्या उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखाली आणि कानामागे, जिथे ऊन पोचत नाही, तिथली कातडी सहसा वाचते. वाऱ्याबरोबर उडणारा बारीक चुरा मात्र सगळीकडे जाऊन बसतो. मग त्यांनी तात्यांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या ठिगळांची पट्टी चिकटवली. याला पॅच टेस्ट म्हणतात. पट्टी अठ्ठेचाळीस तास ठेवायची, पाठ भिजवायची नाही, मग काढून पाहायचे आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहायचे. तात्या पुण्यात लेकीकडे राहिले. पट्टी निघाली तेव्हा बाकीची ठिगळे कोरी होती आणि गाजरगवताच्या जागी लालभडक गांधी उठून त्यावर बारीक पाण्याचे फोड आले होते.

आता हे गवत आपल्याकडे आले कसे, हे थोडक्यात सांगतो. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ अमेरिका खंडातले. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नजरेस आले आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे देशभर पसरलेल्या या पिडेची पहिली ठळक नोंद आपल्या पुण्याचीच. पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आले असे आपण सगळेच सांगतो, पण तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, गवत त्याआधी दिसलेले. १९५१ मध्येही अमेरिकेतून गहू आला होता, त्यामुळे गव्हाला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. ते असो. या गवताने माणसांच्या कातडीचे काय होते, याचा अहवालही पुण्याच्याच रुग्णांवरून तयार झाला. १९७४ मध्ये डॉ. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी तो लंडनच्या त्वचारोग नियतकालिकात छापला.

या गवताच्या पानाखोडावर जी बारीक लव असते, तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा कण अगदी लहान. तो कातडीत शिरतो आणि तिथल्या आपल्याच प्रथिनांना जाऊन चिकटतो. शरीराच्या पहारेकरी पेशींना मग ते प्रथिन परके वाटू लागते. ही ओळख पटायला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षानुवर्षे. "सायेब, वीस वर्सं हेच रान करतोय, तवा न्हाई झालं ते आताच कसं?" हा तात्यांचा प्रश्न होता, आणि बहुतेकांचा असतो. त्याचे उत्तर हेच. वीस वर्षे शरीर फक्त तोंडओळख करून घेत होते. एकदा ओळख पक्की झाली की पुढे जन्मभर राहते, आणि मग थोडासा चुरा लागला तरी दिवस-दोन दिवसांनी पुरळ उठते. उशिरा उठते म्हणूनच चोर सापडत नाही. सोमवारी बांध साफ केला, बुधवारी खाज आली, तर माणूस मंगळवारच्या वांग्यावर आळ घेतो.

अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी काढला. पण त्या एका शब्दाखाली दोन निरनिराळे आजार येतात. तात्यांचा पेशींचा, उशिरा येणारा. दुसरा रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिद्रव्याचा, मिनिटांत येणारा. शिंका, दमा, अंगावर गांधी, घसा सुजणे हा त्यातला प्रकार. हे आयजीई १९६६-६७ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पती-पत्नींनी आणि स्वीडनच्या बेनिच व योहान्सन यांनी शोधून काढले. तात्यांनी जो महागडा रिपोर्ट आणला होता तो या आयजीईचा. म्हणजे रोग एका खात्यातला आणि तपासणी दुसऱ्याच खात्यातली. ती तपासणी कितीही भारी केली असती तरी गाजरगवताची ही कातडीची अ‍ॅलर्जी तिच्यात दिसलीच नसती.

मग साठ जिनसा निघाल्या कशा? हे डॉक्टरांनी समजावले तेव्हा आम्हाला आपला काटा आठवला. गाडी काट्यावर उभी केली की उसाबरोबर पाचट, वाढे आणि माती सगळेच टनात मोजले जाते. साखर किती ते प्रयोगशाळेत रस काढून ब्रिक्स आणि पोल पाहिल्यावरच कळते. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जी तपासणीत अख्ख्या पदार्थाचा अर्क घेतात. शेंगदाण्याच्या अर्कात कितीतरी प्रथिने असतात. रक्त त्यातल्या कशाला चिकटले ते कळत नाही, नुसते चिकटले एवढेच कळते. अलीकडे या अर्कातले एकेक प्रथिन सुटे करून तपासणी करता येते. तिला रेणूस्तरावरचे निदान म्हणतात. एका काचेच्या चकतीवर शंभराहून अधिक प्रथिनांचे ठिपके ठेवून थोड्याशा रक्तावर ही तपासणी होते. त्या प्रथिनांना आपल्या उसाच्या वाणांसारखीच सांकेतिक नावे आहेत. कोएम ०२६५ म्हटले की जसे आपल्याला पाडेगाव आठवते, तसे अरा एच २ म्हटले की डॉक्टरांना शेंगदाणा कळतो. वनस्पतीच्या नावातली पहिली तीन अक्षरे, मग जातीचे एक अक्षर, मग क्रमांक. शेंगदाण्यातल्या अरा एच २ ला रक्त चिकटले तर धोका मोठा समजतात. अरा एच ८ ला चिकटले तर बहुधा तोंडाला थोडी खाज, एवढेच.

गंमत पुढे आहे. वनस्पतींच्या पुष्कळ प्रथिनांना साखरेच्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात. वांगे, गहू, टोमॅटो, परागकण, सगळीकडे जवळजवळ सारख्याच. काही माणसांच्या रक्तात या साखळ्यांविरुद्ध आयजीई तयार होते. १९८१ मध्ये हॉलंडचे आल्बर्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले. अशा माणसाची अर्कावर तपासणी केली की रिपोर्टात भाजीमंडई भरते, आणि त्या माणसाला खाऊन मात्र सहसा काहीच होत नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला साखरेनेच फसवावे, यावर तात्यासुद्धा हसले. त्यांच्या रिपोर्टात सगळ्या वनस्पतींचे आकडे थोडेथोडे वाढलेले होते आणि ते बहुधा याच साखळ्यांमुळे असावेत, असे डॉक्टरांचे मत पडले. आम्ही विचारले, मग ती रेणूंची नवी तपासणी करून घ्यायची का? डॉक्टर म्हणाले, "कशाला पैसे घालवता? जन्मभर शेंगदाण्याचा कूट खाल्ला, कधी ओठ सुजला का? धाप लागली का? नाही ना? मग झाली तपासणी."

रक्तात आयजीई सापडणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नोंद झाली म्हणजे ऊस गव्हाणीत पडला असे नसते, तसेच हे. बंगळूर-म्हैसूरकडच्या मोठ्या माणसांची याच बाबतीत पाहणी झाली होती. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई असलेले लोक निघाले शेकडा २६.५, आणि खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असलेले शेकडा १.२. बाकीच्यांनी नुसत्या रिपोर्टावरून ताट रिकामे केले असते तर काय झाले असते, ते तात्यांकडे पाहून कळत होते.

याचा अर्थ नवी तपासणी निरुपयोगी आहे असा नव्हे. तोडणीच्या वेळी मोहोळ उठते, कोणाला माशी चावते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. अशा माणसाला पुढे माशीच्या विषाच्या लशीचा उपचार द्यायचा तर चावली ती मधमाशी की गांधीलमाशी हे ठरवावे लागते, आणि अर्कावरची तपासणी त्या साखळ्यांमुळेच पुष्कळदा दोन्हींकडे बोट दाखवते. तिथे एकेक प्रथिन तपासले की उलगडा होतो. गाजरगवताच्या परागकणांनी ज्यांना शिंका आणि दमा होतो त्यांच्याही उपयोगाची ही विद्या आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१७-१८ च्या सुमारास या परागातले पार एच १ हे प्रथिन तपासले. ते आपल्या दवण्याच्या वंशातल्या एका युरोपी वनस्पतीच्या परागातील प्रथिनाशी मिळतेजुळते आहे. त्यामुळे एकाची ओळख झालेले रक्त दुसऱ्यालाही चिकटू शकते. पण शिंकांचे हे खाते वेगळे आणि तात्यांच्या कातडीचे वेगळे, हे विसरू नये.

जाता जाता कारखान्यातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. जुन्या, कुजट बगॅसच्या धुळीनेही फुप्फुसाचा एक आजार होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. तोही या दोहोंहून निराळा आहे. बगॅस यार्डात काम करून संध्याकाळी ताप, खोकला आणि धाप लागत असेल तर ते साधे पडसे समजू नका.

तात्यांना डॉक्टरांनी मलम आणि काही आठवडे गोळ्या दिल्या. आधी त्यांनी कुठून तरी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली होती. चार दिवस बरे वाटायचे, मग दुप्पट. ती बंद करायला सांगितले. खाण्याचे सगळे पथ्य उठवले. शेवंती आणि सूर्यफूल मात्र हाताळू नका म्हणाले, कारण त्या कुळात पार्थेनिनच्या भावकीतली द्रव्ये असतात. आणि मुख्य औषध बांधावर आहे, असे आमच्याकडे पाहून म्हणाले.

ते औषध आता आमच्या खात्याचे. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि एका झाडाला हजारो बी धरते. म्हणून काढायचे ते फुलावर येण्याआधी, ओल असताना, मुळासकट. फुलाआधी काढलेले खड्ड्यात कुजवून खत होते. वाळलेल्या चुऱ्यातही पार्थेनिन राहते, म्हणून बांधावर वाळत टाकू नका आणि जाळून धूर करू नका. उसाच्या सरीत लावणीनंतर लगेच अ‍ॅट्राझीन, पुढे उगवलेल्या तणावर २,४-डी चालते. पण शेजारी डाळिंब, द्राक्ष किंवा भाजीपाला असेल तर २,४-डी चा पंप हातात घेऊ नका, वाऱ्याने वाहून शेजाऱ्याचे नुकसान होईल. मेक्सिकोतला एक भुंगेराही या गवतासाठी १९८३ मध्ये बंगळूरला आणला आणि पुढल्या वर्षी सोडला गेला. पावसाळ्यात पानांवर पिवळट, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर तिथे औषध मारू नका, त्यांना खाऊ द्या. नुसत्या त्यांच्यावर विसंबून मात्र चालणार नाही.

उघड्या हाताने कोणी उपटू नये. एके वर्षी आम्हीच हौसेने श्रमदान काढले आणि बायामाणसांना मोकळ्या हातांनी गवत उपटायला लावले. त्यातल्या एका मावशींच्या हातांना महिनाभर पुरळ होते. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडके आणि काम झाल्यावर लगेच आंघोळ. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी या कामाला जाऊच नये, घरातल्या दुसऱ्याने जावे.

तात्यांचा बांध त्यांच्या थोरल्या मुलाने आणि शेजारच्या दोघा सभासदांनी मिळून दोन वेळा साफ केला. शेजारचे बांध सुटले असते तर बी पुन्हा तिथूनच आले असते. चारीच्या कडेचा पट्टा अजून राहिला आहे आणि पुढची पाळी सुटण्याआधी तो काढायचा आहे. कातडीचा काळेपणा अजून पुरता गेलेला नाही, पापण्या उतरल्या आहेत. नोंद रद्द झालेली नाही. परवा खोडव्याची पाहणी करायला गेलो तेव्हा तात्यांनी आम्हाला जेवायला थांबवून घेतले, आणि ताटात भरली वांगी होती.